बॉस्टनची ट्रिप: फेनवे पार्क, एका रनची मॅच आणि टिपचा हिशोब

गेल्या जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले होते, तेव्हा त्यांना घेऊन बॉस्टनला दोन दिवस जाऊन आले. तेव्हापासून तीन-चार जणांनी विचारलं की आम्हीपण घरच्यांना घेऊन बेसबॉल बघायला जाणार आहोत, कसं करायचं, टिप कुठे द्यायची कुठे नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. मी बारा वर्षं कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला राहतेय आणि बॉस्टनच्या बेसबॉल टीमची, रेड सॉक्सची, फॅन आहे, त्यामुळे थोडा पक्षपात असणार हे धरून वाचा.

आधी जाण्याचं. मॅचच्या दिवशी फेनवेजवळ, म्हणजे रेड सॉक्सच्या स्टेडियमजवळ, गाडी लावायचा विचारसुद्धा करू नका, पार्किंगचे रेट तिकिटाच्या बरोबरीला जातात. आम्ही हार्टफर्डहून साधारण दोन तासात न्यूटनच्या रिव्हरसाइड स्टेशनला पोचलो, गाडी तिथेच लावली आणि ग्रीन लाइनची डी ट्रेन पकडून केनमोरला उतरलो. डी लाइनवर फेनवे नावाचंही स्टेशन आहे, तिथूनही चालत जाता येतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी केनमोरलाच उतरा, कारण तिथून गर्दीबरोबर पुलावरून चालत जाताना जे वातावरण असतं ते चुकवू नये. येताना मात्र घड्याळ बघा, मध्यरात्रीनंतर ट्रेन फार वेळ चालत नाही.

तिकीट फोनवरच, एमएलबीच्या (अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगच्या) बॉलपार्क अ‍ॅपमध्ये. कागद नाही, त्यामुळे फोन चार्ज करून न्या आणि सगळ्यांची तिकिटं एकाच्याच फोनवर असतील तर सगळे एकत्रच आत जा. मंगळवार-बुधवारची मॅच शनिवारपेक्षा बरीच स्वस्त मिळते. सीट निवडताना एक लक्षात घ्या, हे स्टेडियम १९१२ चं आहे, ग्रँडस्टँडमध्ये छताला आधार देणारे खांब आहेत आणि काही सीटवरून पिचर (बॉल टाकणारा) दिसतो पण बॅटर दिसत नाही असं होतं. तिकिटावर ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू लिहिलेलं असेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. उजव्या बाजूच्या, लहान नंबरच्या सेक्शनमधल्या सीट होम प्लेटकडे (जिथे बॅटर उभा राहतो आणि जिथे रनर बेसची फेरी पुरी करून परत आला की रन होतो) नाही तर मैदानाच्या मध्याकडे तोंड करून आहेत, तीन तास मान वळवून बसावं लागतं, साठीच्या पुढच्या माणसांना ते जमत नाही. आम्ही होम प्लेटच्या मागे ग्रँडस्टँडमध्ये विसाच्या आसपासच्या सेक्शनला होतो, लाकडी सीट आहेत, अरुंद आहेत, पण सगळं दिसतं. आणि जून असला तरी रात्री गार वारा येतो, आईची शाल कामाला आली.

बाबा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. त्यांना क्रिकेट कळतं, बेसबॉल अजिबात नाही, आणि मला भीती होती की तिसऱ्या इनिंगला ते पेंगायला लागतील. म्हणून आत गेल्या गेल्या त्यांना एक प्रोग्रॅम आणि पेन्सिल घेऊन दिली आणि स्कोअरकार्ड कसं भरायचं ते सांगितलं: पिचर १, कॅचर २, पहिला बेसवाला ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) ६, मग आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसला दिला आणि तिथून पहिल्याला, दोन आउट, तर ६-४-३ लिहायचं. स्ट्राइक-आउटला (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) के, आणि बॅटर बॅट न फिरवता नुसताच उभा राहून आउट झाला तर उलटा के. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं हे तर आमचं वे-बिल आहे." (वे-बिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद.) त्यानंतर त्यांची पेन्सिल थांबलीच नाही. पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगेन, नियम समजावत बसू नका, हातात स्कोअरकार्ड द्या, नियम आपोआप कळतात.

डावीकडची ती हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर, ३७ फूट उंच आहे आणि बॅटरपासून जेमतेम ३१० फुटांवर, त्यामुळे दुसऱ्या मैदानात आरामात कॅच झाला असता असा फटका इथे भिंतीला लागून परत येतो. भिंतीतला स्कोअरबोर्ड अजूनही हाताने चालतो, आत माणसं बसलेली असतात आणि आकड्यांच्या पाट्या लावतात. बाबांनी दुर्बीण नाही आणली म्हणून हळहळ व्यक्त केली.

आता मॅच. माझं ठाम मत आहे की बेसबॉल बघायचा तर एका रनच्या फरकाचाच बघावा, दहा-दोनची मॅच म्हणजे लग्नात नुसतं जेवून परत आल्यासारखं. सीझनमध्ये एका टीमच्या १६२ मॅच असतात, त्यातल्या बऱ्याच अशा शेवटपर्यंत अडकलेल्या असतात, पण कुठली तशी होणार ते आधी कळत नाही, म्हणून माझा नियम एकच: शेवटचा आउट होईपर्यंत उठायचं नाही. आमच्या मॅचला सातव्या इनिंगनंतर पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या, एका रनने मागे होतो तरी! लोक ट्रॅफिकचा विचार करून निघून गेले आणि त्यांनी जे चुकवलं ते आता सांगते.

आठव्या इनिंगला आमच्या बॅटरला वॉक मिळाला (चार खराब बॉल पडले की पहिला बेस फुकट मिळतो). मॅनेजरने लगेच त्याला बसवून त्याच्या जागी पळायला वेगवान पोरगा पाठवला. इथे बाबांना मी २००४ ची गोष्ट सांगितली, न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध, फायनलच्या म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या सात मॅचच्या सिरीजमध्ये तीन-शून्यने मागे, चौथ्या मॅचची नववी म्हणजे शेवटची इनिंग, एका रनने मागे, समोर त्यांचा पिचर मारियानो रिवेरा, आणि डेव्ह रॉबर्ट्स फक्त पळण्यासाठी आत आला, सगळ्या स्टेडियमला माहीत होतं की हा दुसरा बेस चोरणार (म्हणजे फटक्याची वाट न बघता पिचर बॉल टाकतानाच पळणार) आणि तरी त्याने चोरला, मग बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी आला, बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझने होम रन (सिक्सरसारखा मैदानाबाहेरचा फटका) मारला, आणि तिथून फिरलेली ती सिरीज जिंकून टीमने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. मी हे सांगत असतानाच आमचा पोरगा पळाला. सेफ! पुढच्या फटक्यावर तो होम प्लेटला, बरोबरी. आई, जी तोपर्यंत शेंगा सोलत होती (इथे टरफलासकट भाजलेल्या शेंगा मिळतात, शाकाहारी लोकांनी त्या, पिझ्झा, प्रेट्झेल आणि फ्राइजवर भागवायचं), ती उभी राहून टाळ्या वाजवत होती.

२०२३ पासून बेस १५ इंचांचे १८ इंच केले आणि पिचरने रनरला अडवायला किती वेळा थांबायचं यावर बंधन आणलं, त्यामुळे चोरी पुन्हा खेळात आली, मला हा बदल मनापासून आवडतो. पिच क्लॉकसुद्धा (पिचरला ठराविक वेळात बॉल टाकायला लावणारं घड्याळ) आवडतो. न आवडणारा बदल म्हणजे बरोबरी झाली की दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर फुकट रनर ठेवतात तो. प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) हा नियम नसतो, मग सीझनला का? २०१८ च्या वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच १८ इनिंग, ७ तास २० मिनिटं चालली, आम्ही हरलो, तरी मी ती विसरू शकत नाही. आणि १९८१ मध्ये रोड आयलंडमधल्या पॉटकेटला मायनर लीगची (खालच्या लीगची) मॅच ३२ इनिंगनंतर पहाटे चारला थांबवली तेव्हा स्टँडमध्ये १९ प्रेक्षक उरले होते. जूनमध्ये उरलेली खेळली तर ३३ व्या इनिंगला, १८ मिनिटांत संपली. त्या १९ जणांबद्दल मला खूप आदर आहे.

असो, आमची दहावी. पाहुण्यांचा रनर दुसऱ्या बेसवर, आमच्या पिचरने तिघांनाही परत पाठवलं, दोन के बाबांनी ठळक काढले. आमची पाळी, रनर दुसऱ्यावर, पहिल्या बॅटरने बंट टाकला (बॅट न फिरवता बॉल नुसता हळू ढकलला), स्वतः आउट झाला पण रनर तिसऱ्यावर. पुढच्याने उजवीकडे उंच मारला, कॅच झाला, आणि त्याबरोबर तिसऱ्यावरचा रनर पळत घरी आला. मॅच संपली! एकही हिट नाही, दोन जण स्वतः आउट होऊन रन आणला. बाबा म्हणाले, "दोघांनी स्वतःची विकेट देऊन तिसऱ्याला घरी पोचवला की." सॅक्रिफाइस याच्यापेक्षा चांगलं मला कुणी समजावलेलं नाही.

आता टिप, कारण मॅच संपेपर्यंत साडेदहा वाजले होते आणि भूक लागलेली.

आत स्टेडियममध्ये: आता बहुतेक बॉलपार्कमध्ये खरेदीला कॅश घेत नाहीत, कार्ड किंवा फोन. तरी एक-एक डॉलरच्या पंधरा-वीस नोटा खिशात ठेवा. पायऱ्या चढउतार करत शेंगा, पाणी विकणारा माणूस असतो त्याला एक-दोन डॉलर वर द्यावे, तो रात्रभर जड ट्रे घेऊन चढतोय. अशरने सीटपर्यंत नेऊन कापडाने सीट पुसून दिली तर दोन डॉलर. काउंटरवर मशीन फिरवून समोर धरतात आणि १८, २०, २५ टक्के विचारतात, नुसती पाण्याची बाटली काढून दिली असेल तर नो टिप दाबायला हरकत नाही, कुणी काही म्हणत नाही. बियरला एक डॉलर देतात.

रेस्टॉरंटमध्ये मात्र टिप ही बक्षिसी नाही, हे आपल्याकडच्यांना पहिल्यांदा पटत नाही. आपल्याला सवय काय, बिलाच्या बशीत बडीशेपेबरोबर दहा-वीस रुपये ठेवायचे. इथे आले त्या पहिल्या वर्षी मी चाळीस डॉलरच्या बिलावर दोन डॉलर ठेवले होते आणि वेट्रेस मागून दारापर्यंत आली, काही चुकलं का माझं, असं विचारत. तिचा चेहरा मला अजून आठवतो. मॅसॅच्युसेट्समध्ये कमीत कमी पगार तासाला १५ डॉलर आहे, पण टिप मिळणाऱ्यांना मालक ६ डॉलर ७५ सेंट देऊ शकतो, बाकीचं टिपमधून यायचं, आणि टिप कमी पडली तर कायद्याने मालकाने १५ पर्यंत भरून द्यायचं. २०२४ मध्ये हे बदलायचा प्रस्ताव मतदानाला आला होता, पडला. टिप मिळणाऱ्यांसाठीचा फेडरल, म्हणजे देशपातळीवरचा, आकडा तर २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तोच. म्हणजे वाढणाऱ्याचा पगार तुम्ही देताय.

त्या रात्री आमचं बिल ६२ डॉलर, वर टॅक्स. टिप टॅक्सच्या आधीच्या रकमेवर काढायची. बॉस्टनमध्ये जेवणावर एकूण ७ टक्के टॅक्स आहे, त्यामुळे टॅक्सची तिप्पट केली की २१ टक्के होतात, त्यातून थोडं कमी केलं की झालं, कॅल्क्युलेटर लागत नाही. मी १२.४० लिहिले. बाबांनी मनात रुपये केले आणि म्हणाले, "हजार रुपये? नुसतं वाढायचे?" मग मी त्यांना ६.७५ चं सांगितलं आणि हेही की आपल्या मॅचला दहावी इनिंग झाली म्हणून ती बाई अजून उभी आहे. बाबा एसटीत लेट गाडीची ड्युटी केलेले, एवढं सांगितलं आणि त्यांनी स्वतःहून बिलावरचा आकडा १३ करायला लावला.

कार्डने देताना दोन स्लिप येतात, टिपच्या ओळीत रक्कम, खाली बेरीज, सही, एक प्रत तिथेच ठेवायची. सही करण्याआधी बिल वाचा! सहा-आठ जण असाल तर बऱ्याच ठिकाणी ग्रॅच्युइटी (म्हणजे टिपच) आधीच लावलेली असते, एकदा आमच्या ग्रुपने ती न बघता वर आणखी वीस टक्के दिले होते. किचन फी म्हणून तीन-चार टक्के लावलेले दिसले तर ते वाढणाऱ्याला मिळत नाहीत, टिप वेगळी द्यावीच लागते. सर्व्हिस खरंच वाईट असेल तर मी १५ देते, शून्य कधीच नाही, आणि मॅनेजरला शांतपणे सांगते.

बाकीचं पटकन: टॅक्सी-उबरला १५ ते २० टक्के, कॉफीला सुट्टे किंवा एक डॉलर, बॅग उचलणाऱ्याला बॅगेमागे दोन. ट्रेनचे लोक, दुकानदार, तिकीट काउंटर यांना अजिबात नाही. हॉटेलमध्ये रूम साफ करणाऱ्यांना रोज तीन ते पाच डॉलर, आणि रोजच ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण रोज तीच बाई येईल असं नाही. सोबत थँक यू लिहिलेला कागद ठेवा, नाहीतर विसरलेले पैसे समजून त्या हात लावत नाहीत. आमच्याकडे तो कागद आईने लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेनवेची टूर घेतली. मॅच बघायला गेला असाल तरी घ्या, रिकामं स्टेडियम वेगळंच दिसतं. ब्लीचर्समध्ये, म्हणजे मैदानामागच्या उघड्या स्टँडमध्ये, सगळ्या हिरव्या सीटमध्ये एकच लाल सीट आहे, १९४६ मध्ये रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा होम रन तिथे पडला होता. बाबांनी होम प्लेटच्या दिशेला बघून अंतर मोजायचा प्रयत्न केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

ते परत गेले त्याला आता काही महिने झालेत. बॉस्टनची रात्रीची मॅच सुरू होते तेव्हा साताऱ्यात पहाटेचे साडेचारच्या आसपास वाजलेले असतात, पहिल्या गाडीच्या ड्युटीची सवय, बाबा तेव्हा उठलेलेच असतात. सीझन संपेपर्यंत फोनवर स्कोअर बघून वहीत रकाने भरायचे. सप्टेंबरमध्ये एकदा एका रनने हरलो आणि मी टीव्ही बंद करतेय तोवर त्यांचा मेसेज आला: आठव्या इनिंगला पहिल्या बेसवर माणूस होता, पळवला का नाही?