आमची वाटचाल: दहा पायांची कुर्ली

गोव्यातल्या फोंड्यात 2006 साली आम्ही दोघांनी अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ काढला, तेव्हा भांडवल काय? एक स्कॅनर, एक पेगबार (भोकं पाडलेला कागद खुंट्यांवर पक्का धरणारी पट्टी) आणि सुताराकडून करून घेतलेला लाइटबॉक्स. वर दुधी काच, आत ट्यूब. तो अजून आहे. जुलैत कागद दमट होऊन फुगायचा, पेगची भोकं सैल व्हायची आणि स्वस्थ उभं असलेलं पात्र पडद्यावर थरथरायचं. म्हणून कागदाच्या कपाटात 40 वॅटचा बल्ब रात्रंदिवस. टॅबलेटवर काम करणारी आमची मुलं हे ऐकून हसतात. हसोत.

लग्नाची टायटल्स, चवथीचे 15 सेकंदांचे गणपती, दुकानांच्या जाहिराती. दहा वर्षं बरी गेली.

मग कुर्ली आली, म्हणजे खेकडा. 32 पानी चित्रपुस्तक. खाजनातली, म्हणजे नदीकाठच्या बांधाआडच्या खाऱ्या शेतातली, कुर्ली ओहोटीला मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या फाटकाच्या, दारातून नदीत वाहून जाते आणि घर शोधत परत येते. चित्रं मला शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईंची. पोरांनी आईबापांसोबत बसून बघावा असा 40 मिनिटांचा चित्रपट करायचा, पैसा निर्मात्याचा. आम्ही अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांतला अख्खा चित्रपट, पुरं केलं, चार मुलं ठेवली, कर्जावर मशीनं घेतली. आणि निर्माता आमचंच अ‍ॅनिमॅटिक उचलून दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्यांचा दर आमच्या निम्मा.

निम्मा कसा, ते टीझर आल्यावर कळलं. सेकंदाला 24 फ्रेम, ‘ऑन टूज’ केलं, म्हणजे एकेक चित्र दोन फ्रेम धरलं, तरी 12 चित्रं, म्हणजे 40 मिनिटांची 28,800. त्यात कुर्ली. चालायचे आठ पाय, दोन नांग्या, असे दहा, आणि प्रत्येक पाय आपल्या वेळेला उचलणार. त्यांच्या कुर्लीला नांग्या धरून आठच. मी थांबवून थांबवून मोजले.

इकडे भाडं थकलं. दोन मुलं मीच सोडली. भागीदार दुबईला गेला. त्याचा राग नाही, पण निरोप घ्यायला आला नाही, हे विसरलेलो नाही.

पुस्तकाच्या हक्कांसाठी सही निर्मात्यानं फक्त लेखकाची घेतली होती. नव्यांनी ऐकून ठेवा: चित्रपुस्तकात मजकुराचे हक्क वेगळे, चित्रांचे वेगळे, आणि दोन्ही लेखीच घ्यावे लागतात. टीझर झळकल्यावर त्यांचा माणूस कागद घेऊन बाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, “आधी कुर्लीचे पाय मोजून या.” तो परत आला नाही.

दुसरं, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल आणि घेणाऱ्यानं हक्क वर्षभरात वापरलेच नाहीत, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं ते सुटतात. टीझर काढला तो लेखकाची सही होण्याआधी, सहीनंतर त्यांनी काडी हलवली नाही. वर्ष सरलं त्याच आठवड्यात लेखक आमचा जिना चढून आले.

या खेपेला निर्माता नव्हता. चवथीच्या गणपतींनी खर्च भागवला, म्हणून चार वर्षं लागली. पहिला खेळ फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात. दिवे लागले, लोक बाईंच्या पाया पडत होते. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, “अरे, पुलाखाली ती वळते ना, तिथे मोठी नांगी उजवीकडची डावीकडे गेलीय.”

रात्री स्टुडिओत येऊन फ्रेम काढून बघितल्या. गेली होती. सात चित्रांत.