आमची वाटचाल: वायंडिंगच्या टेबलापासून पाच ताऱ्यांपर्यंत

वडिलांनी कऱ्हाडला मोटर वायंडिंगचं दुकान टाकलं ते ऊसवाल्या शेतकऱ्यांच्या भरवशावर. व्होल्टेज पडलं की पंप जळायचे, उन्हाळा लागला की पंखे यायचे. तांब्याची तार, कपॅसिटर, बेअरिंग, एवढ्या सामानावर आमचं घर चाललं. पंखे विकायला लागलो ते नंतर, कारण दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईकच विचारायचं, "नवा कुठला घेऊ?"

एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला स्टार लेबल, म्हणजे वस्तू वीज किती वाचवते हे ताऱ्यांनी सांगणारं लेबल, २०१० पासून सक्तीचं आहे. छताच्या पंख्याला ते आधी ऐच्छिक होतं. १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. तेव्हा धंद्यातल्या बऱ्याच जणांनी ओरड केली, लोकांनी काय घ्यायचं हे दिल्लीने का ठरवावं? मी सक्तीच्याच बाजूने होतो, आजही आहे.

कारण पंखा निवडतो एक आणि बिल भरतो दुसरा. बिल्डर असो, खोल्या भाड्याने देणारा असो की हॉस्टेलचा ठेकेदार, त्यांचं मागणं एकच असायचं: सगळ्यात स्वस्त दाखवा. भाडेकरूला कोणी विचारलंच नव्हतं. जुना पंखा साधारण ७५ वॉट ओढतो, बीएलडीसी, म्हणजे सर्किट बोर्डावर चालणाऱ्या कमी विजेच्या मोटरचा पंखा, तीसच्या आसपास. रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस धरा. १६० युनिटांच्या वर फरक पडतो. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाला तेराशे रुपये होतात, आणि तेही एका पंख्यामागे. गावाकडच्या गिऱ्हाइकाला मात्र आणखी एक गोष्ट जास्त पटते: लाइट गेल्यावर इन्व्हर्टर कितीतरी जास्त वेळ टिकतो.

पाच ताऱ्यांचाच घ्या, असं कायदा म्हणत नाही. संध्याकाळी दोन तास पंखा लावणाऱ्या आजींना मी स्वतः एक ताऱ्याचा देतो. त्यांचे जादा पैसे वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतील.

माझं भांडण वेगळं आहे. साधा पंखा जळाला की आमच्या टेबलावर दुपारपर्यंत पुन्हा फिरायचा. बीएलडीसीत सगळा खेळ सर्किट बोर्डाचा. वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला आणि तो बाजारात मिळाला नाही, तर चांगली मोटर, चांगली पाती, सगळंच भंगारात जातं. वीज वाचवणारी वस्तू अशी फेकावी लागली तर जीव तुटतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, ते बरं झालं. पण लेबलवर ताऱ्यांच्या शेजारीच 'सुटे भाग इतकी वर्षं मिळतील' हेही सक्तीने छापलं पाहिजे. गिऱ्हाइकाला खरी निवड तिथे करता येईल.

तोवर आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे. ज्या पंख्याचा बोर्ड सुटा विकत मिळतो, तोच दुकानात ठेवतो. त्यामुळे काही खपाची मॉडेल सोडावी लागली. वायंडिंगच्या टेबलावर आता सोल्डरिंग स्टेशन आहे, आणि आमचे जुने कारागीर बोर्ड तपासायला शिकले आहेत.