कॉलम १८

आरोपपत्रात ‘निर्घृण’ हा शब्द अकरा वेळा आला होता. मी मोजला होता. वकिलीची सात वर्षं झाल्यावर एवढी सवय लागतेच, कागदात विशेषणं वाढली की पुरावा दोनदा वाचायचा. खुनाच्या शिक्षेच्या कलमात, भादंवि ३०२ मध्ये, हा शब्द नाही. (घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून जुनं कलम. नंतरची असती तर न्याय संहितेचं १०३.) निर्घृण खून वेगळा, साधा खून वेगळा, असं तिथे काही नाही. जन्मठेप किंवा फाशी, वर दंड.

केस विधी सेवा प्राधिकरणाकडून माझ्याकडे आलेली, आरोपीच्या बाजूने. कळव्यातल्या एका चाळीत एकाच खोलीत राहणारे, रंगकामावर जाणारे दोघे. मजुरीच्या उचलीवरून रात्री भांडण झालं. सकाळी एक रक्तात पडलेला आणि दुसरा गायब. अंगावर २७ जखमा, त्यातल्या २२ चेहऱ्यावर, भाजी चिरायच्या सुरीने केलेल्या. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. सुरी बदललेली नाही.

पीएम, म्हणजे शवविच्छेदन, करणारे डॉक्टर तिसऱ्या समन्सला आले. जुलै महिना, कोर्ट नाक्यावर गुडघाभर नसलं तरी घोट्याच्या वर पाणी, त्यामुळे बोर्डावरची निम्मी मॅटर्स पार्टी नाही म्हणून पुढे गेली आणि आमची साडेअकरालाच पुकारली. सरकारी वकिलांनी सरतपासणीत २७ च्या २७ जखमा एकेक करून वदवून घेतल्या. लांबी, रुंदी, खोली. स्टेनोला ते टाइप करायला पाऊण तास लागला. मागच्या बाकावर मयताची आई बसली होती. दर तारखेला ती जालन्याहून रात्रीच्या गाडीने यायची. जखमा इंग्रजीत चालल्या होत्या, पण डॉक्टर प्रत्येक जखमेला स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून जागा दाखवत होते. ते काही भाषांतर करून सांगावं लागत नाही.

मला त्या २२ जखमांशीच काम होतं. खुनाच्या व्याख्येत, कलम ३०० मध्ये, क्रूरपणाचा उल्लेख येतो तो एकाच जागी, चौथ्या अपवादात. आधी ठरवलेलं नसेल, अचानक भांडण पेटलं असेल, रागाच्या भरात हात उचलला गेला असेल, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. पण अट अशी की समोरच्याच्या अगतिकतेचा फायदा घेतलेला नसावा आणि वागणं क्रूर किंवा विपरीत नसावं. चेहऱ्यावर २२ वार म्हटल्यावर हा दरवाजा बंदच.

आणि खून सिद्ध झाला तर पुढे शिक्षेचा प्रश्न. बच्चन सिंग खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात द्यावी असं ठरवलं, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही बघायला सांगितलं. १९८३ च्या माछी सिंगमध्ये पाच कसोट्या आल्या. पहिलीच कसोटी खून कोणत्या रीतीने केला ही, आणि तिच्यातली उदाहरणं म्हणजे घराला आग लावून जिवंत जाळणं, हालहाल करून मारणं, देहाचे तुकडे करणं किंवा तो राक्षसी रीतीने विद्रूप करणं. सरकारी वकिलांच्या फाइलला त्याच पानावर पिवळी चिठ्ठी लावलेली मला दिसत होती.

माझ्याकडे २००९ चा बरियार निकाल होता. पुण्याचं प्रकरण. खंडणीसाठी मित्राला पळवलं, मारलं आणि मग देहाचे तुकडे करून विल्हेवाट लावली. तिथे सर्वोच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. प्रेताची विल्हेवाट किळसवाणी होती, पण तेवढ्यावरून प्रकरण दुर्मिळातलं दुर्मिळ होत नाही, असा साधारण सूर. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की या २२ जखमा जिवंत माणसाला झाल्या की प्रेताला? कायदा जे मोजतो ते तिथे बदलतं. हे विचारताना मलाही आतून कसंतरीच होत होतं, पण वकीलपत्र घेतलं की विचारायचं.

आपल्याकडच्या पीएमच्या छापील फॉर्ममध्ये कॉलम १७ ला बाहेरच्या जखमा लिहितात. १८ ला इतर इजा, आणि त्याखाली एक प्रश्न छापलेला असतो: या जखमा मृत्यूपूर्वीच्या आहेत असं निश्चित सांगता येईल का? समोर होतं ‘होय’. सत्तावीसही जखमांना मिळून एक ‘होय’.

“डॉक्टर, मानेच्या जखमेभोवती मांसात रक्त झिरपलेलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय.”

“हो.”

“चेहऱ्यावरच्या २२ जखमांपैकी एकीभोवती तरी तसं लिहिलंय?”

ते दोन पानं मागे-पुढे करत राहिले. “लिहिलेलं नाही.”

“कडा फिकट, असं लिहिलंय.”

“हो.”

“त्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवले होते?”

“नाही.”

“मग हा ‘होय’ कशावरून?”

सरकारी वकील उठले, हरकत घेतली. न्यायाधीश साहेबांनी त्यांना हाताने बसवलं आणि स्वतःच मराठीत विचारलं, “डॉक्टर, सरळ सांगा. मेल्यावरच्या की आधीच्या?”

“सर, मृत्यूच्या सुमाराच्या किंवा नंतरच्या. नक्की सांगता येणार नाही.”

स्टेनोने ते टाइप केलं. मी खाली बसले. माझ्या शेजारचा ज्युनियर टेबलाखालून मला अंगठा दाखवत होता. त्याला मी नंतर झापलं.

निकाल पुढच्या फेब्रुवारीत लागला. चौथा अपवाद साहेबांनी नाकारलाच. मयताच्या दोन्ही तळहातांवर वार अडवताना झालेल्या जखमा होत्या, तो निःशस्त्र होता, त्यामुळे गैरफायदा घेतला हे एवढ्यावरच ठरत होतं, क्रूरतेपर्यंत जायची गरजच पडली नाही. खरं सांगायचं तर मला ते बरोबर वाटलं. फाशीची मागणी फेटाळली, जन्मठेप दिली. अमुक वर्षं सुटका नको अशी शिक्षा सत्र न्यायालयाला देता येत नाही. २०१५ च्या श्रीहरन निकालानंतर तो अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचाच. आरोपी २४ वर्षांचा. निकाल ऐकून त्याने मला एवढंच विचारलं, “म्हंजे किती?” चौदा वर्षं हा लोकांचा समज आहे, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, चौदा वर्षांआधी सूट मिळून सुटता येत नाही एवढाच त्या आकड्याचा अर्थ, हे मी त्याला समजावत होते तोवर पोलिसांनी त्याला नेलं. ठाण्याचा तुरुंग काही लांब नाही.

पण उलटतपासणीच्या त्या दिवशी, दुपारी, मी जिन्यात छत्री उघडत होते तेव्हा ती आई वरून आली. सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात गेले होते. ती दोन पायऱ्या वरच थांबली.

“वकीलबाई, तुम्ही त्याच्याकडच्या. तरी इचारते.”

“विचारा ना मावशी.”

“त्या डाक्टरनं शेवटाला काय सांगितलं? सायेबांनी मराठीत इचारलं तवा.”

मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले, चेहऱ्यावरचे घाव बहुतेक नंतरचे असावेत.

“नंतरचे म्हंजे जीव गेल्यावर?”

“हो.”

“म्हंजे त्याला ते कळले न्हाईत.”

नक्की सांगता येणार नाही, हे डॉक्टरांचे शब्द पाऊण तासापूर्वी मीच काढून घेतले होते. माझ्या अशिलाला तेवढे पुरेसे होते.

“नाही मावशी,” मी म्हटलं, “त्याला कळलं नाही.”

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, सकाळपासून चहा घेतला नाही, इथं कुठं मिळंल. मी तिला जांभळी नाक्याच्या बाजूची टपरी दाखवली. पाणी होतं म्हणून तिथपर्यंत सोबत गेले.