गच्चीवरचं लिंबू, वर्ष चौथं: बार्शी रोडच्या रोपवाटिकेतला एक निवांत दिवस

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की लिंबाला आता ही शेवटची संधी. ती संपली. मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेला तेव्हा उरलीसुरली पानं गळली, आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर जी पालवी फुटली ती पुन्हा तशीच: पान पिवळंधमक, शिरा तेवढ्या हिरव्या. तीन वर्षांत या झाडानं मला एकूण अकरा लिंबं दिली. शेजारच्या अक्का म्हणतात, तू जेवढं हिराकस (पिवळ्या पानांसाठी लोहाचं खत) घातलंस तेवढ्यात मंडईतून पोतंभर लिंबं आली असती.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: घर सोलापुरात, गच्ची पश्चिमेकडे उघडी, सावलीला फक्त पाण्याची टाकी. नळाचं पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं, ते पिण्यासाठी जपायचं. झाडांना बोअरचं. मीटरवर त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ११०० च्या आसपास दाखवतो, आणि कुंड्यांच्या कडेला पांढरी खपली धरते ती वेगळीच.

तर जूनच्या शेवटच्या रविवारी मी आणि अक्का रोपं बघायला बाहेर पडलो. अक्कांच्या घरी तेलुगू बोलतात, पण माझ्याशी भांडायचं झालं की शुद्ध मराठी. आठला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेनऊला, कारण अक्कांना धपाटे गरमच बांधून घ्यायचे होते. जुनी व्हॅन, मागची सीट काढलेली, खाली गोणपाट. या वेळी ठरवलं होतं की घाई करायची नाही. शहरातल्या विक्रेत्याकडे पाच मिनिटांत फूल बघून रोप घ्यायचं आणि वर्षभर निस्तरत बसायचं, हे पुरे झालं.

रोपवाटिका मार्डीच्या अलीकडे, आत वळून. वळण अर्थातच चुकलं. गप्पांच्या नादात थेट नान्नजला पोचलो. माळढोकासाठी १९७९ साली झालेलं अभयारण्य ते हेच. माळढोक दिसला नाही, दिसेल अशी आशाही नव्हती. पण पावसानं नुकत्याच हिरव्या झालेल्या गवतात काळविटांचा कळप उभा होता, म्हणून गाडी बंद करून बसलो. आजूबाजूला द्राक्षाचे मांडव. सोनाका ही जात या नान्नजचीच, हे अक्कांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं बेदाणे याच शेजाऱ्यांचे खातेय की काय मी, म्हणाल्या.

मग मागे फिरून एकदाची रोपवाटिका सापडली. पाटी नाही, विहिरीशेजारी एक लहान शेडनेट, बाकी सगळी रोपं उघड्या उन्हात काळ्या पिशव्यांतून ओळीनं. मला पहिली गोष्ट आवडली ती हीच. नेटखाली कोवळी वाढलेली रोपं आपल्या गच्चीवर आणली की आठवड्यात करपतात, हे आपण सगळ्यांनी पैसे मोजून शिकलोय.

मालक सत्तरीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी फोनमधला लिंबाचा फोटो पुढे केला. त्यांनी तो बघितलाही नाही.

“लिंबाचं मागनं बघू. आधी सांगा, पाणी कुठलं?”

“बोअरचं.”

“मग बरोबर हाय की.”

खालून त्यांनी हरभऱ्याएवढा एक पांढरट खडा उचलला, खिशातलं लिंबू दातानं फोडलं (खिशात लिंबू घेऊन फिरणारा माणूस!) आणि दोन थेंब खड्यावर पिळले. खडा फसफसला. बारीक बुडबुडे, सोड्यासारखे. “ही चुनखडी. तुमच्या पाण्यात हीच विरघळलेली असती. हिराकस मातीत टाकलं की ते चुन्यात अडकून बसतंय, झाडाच्या पोटात जातच न्हाई.”

म्हणजे लोह कमी नव्हतंच, अल्कधर्मी मातीत ते मुळांना उचलता येत नव्हतं. मी पुस्तकात हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि तो खडा फसफसताना बघणं वेगळं. आता घालायचंच तर फवारणीतून: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व, उन्हं उतरल्यावर, पानांच्या खालून. मातीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं, पण डब्यावर ‘ईडीटीए’ लिहिलेलं आपल्या पाण्यात फारसं टिकत नाही. सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की ते सुटतं. ‘ईडीडीएचए’ टिकतं, म्हणून ते महाग.

पुढचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. “आधीचं रोप तांबड्या मातीच्या गोळ्यात होतं का?”

होतं. रस्त्याकडेच्या एका हातगाडीवरून घेतलेलं, वर फुलं लागलेली. मामा म्हणाले, ती बहुतेक आंध्रातल्या कडियमची, राजमहेंद्रीजवळची. तिथून ट्रक भरून रोपं देशभर जातात. चिकट तांबडी माती लावतात ती लबाडी म्हणून नाही, शेकडो किलोमीटर हादरे खाऊन मुळं उघडी पडू नयेत म्हणून. चूक आपली. आपण तो गोळा तसाच कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) भुसभुशीत मिश्रणात ठेवतो, पाणी कडेनं निघून जातं आणि गोळा आत कोरडा राहतो.

मग त्यांनी एक लिंबाचं रोप उचललं, पिशवीची बाजू दोन बोटांनी दाबली, ब्लेडनं उभी फाडली. आत काळी माती, शेणखत, थोडी वाळू. मुळं पांढरी, दोऱ्यासारखी, टोकं जिवंत. तळाशी वेटोळं नाही. “ह्ये ह्याच विहिरीच्या पाण्यावर दीड वर्स काढलंय. ह्या पाण्यावर जे मरायचं ते हितंच मेलं. उरलेलं तुमच्याकडं येतंय.”

यापुढे मी रोप घेताना फुलं बघणार नाही, विहीर बघणार.

लिंबाच्या निवडीवरून मात्र अर्धा तास गेला. कागदी लिंबू एरवी बियांपासूनच करतात, रोपं बहुतेक आईसारखीच निघतात, पण फळाला चार-पाच वर्षं. मामांकडे राहुरी विद्यापीठाच्या साई शरबती जातीची बियांची रोपं भरपूर होती, आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर (खालच्या मुळाच्या झाडावर) डोळा भरलेली, म्हणजे कलम केलेली, फक्त दोन. रंगपूरचा खुंट चुनखडी आणि खारट पाणी जंबेरी या दुसऱ्या खुंटापेक्षा बरा सोसतो. मी डोळ्याचं घेतलं, १५० रुपये. जोड मातीच्या वर चार बोटं, नीट भरून आलेला, खालून खुंटाचा फुटवा नाही. अक्कांनी बियांचं घेतलं, ४० रुपयांत. अक्का ७१ वर्षांच्या आहेत. मी विचारलं, पाच वर्षं थांबणार? म्हणाल्या, तुझ्या अकरा लिंबांच्या मानानं मी फायद्यातच आहे.

दुपारी विहिरीजवळच्या चिंचेखाली धपाटे, दही, शेंगाचटणी. मामांच्या घरून कांदा आला. जेवून तिथंच चटईवर तासभर आडवे झालो, आणि उठल्यावर ज्या गोष्टी घ्यायच्या नव्हत्या त्या बघायला लागलो.

डाळिंबाच्या ओळीत मामांनी एका मातृझाडावरची गुटी उघडून दाखवली. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटभर साल काढलेली, भोवती ओलं शेवाळ, वर प्लास्टिक घट्ट बांधलेलं. महिना-सव्वा महिन्यात प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसू लागतात, तेव्हा फांदी खालून कापायची. भगवा या जातीचं एक गुटी कलम घेतलं, ६० रुपये. घेताना प्रत्येक पान उन्हात धरून पाहिलं. तेलकट, पाणचट डाग दिसला तर तो तेल्या रोग, आणि तेल्या एकदा गच्चीवर आला की सुटका नाही. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, जिल्ह्याचं डाळिंब जगभर जातं, आणि माझ्या गच्चीवर चार वर्षांत एक डाळिंब नव्हतं. शरमेची गोष्ट. सीताफळाचं गोल्डनही होतं, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याची जात ती, पण ते झाड कुंडीत कोंबणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. एक मोगरा घेतला. मोगऱ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तो सोलापुरात आपोआप येतो.

परत येताना एका खड्ड्यात डाळिंबाची पिशवी आडवी झाली आणि अर्धी माती गोणपाटावर. माझीच चूक, दोरी बांधायला विसरले.

दुसऱ्या दिवशी जुन्या लिंबाचा ड्रम उलटा केला. आदल्या रात्री मुद्दाम दोन बादल्या पाणी घातलं होतं. मिश्रण चिंब, आणि मधोमध तो तांबडा गोळा, नारळाएवढा, तीन वर्षांनंतरही जसाच्या तसा. सुरीनं फोडला तर आत कोरडा ठणठणीत. चार-सहा मुळं बाहेर निघालेली, बाकीची आतल्या आत गुंडाळलेली, दोऱ्याच्या रिळासारखी. तीन वर्षं मी पानांकडे बघत होते.

आता मांडणी अशी. ड्रममध्ये दोन भाग शेतातली माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. कोकोपीट बंद. पावसाचं पाणी टाकीच्या झाकणावरून दोन पिंपांत उतरवलंय, लिंबाला शक्यतो तेच. बोअरचं द्यायची वेळ आली तर थोडं थोडं न देता खालून निथळेल इतकं, म्हणजे क्षार वाहून जातील. आपल्याकडे भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, तोवर पिंपं पुरतील असं नाही.

तीन आठवड्यांनंतर: लिंबाला दोन फुटवे, पानं हिरवी, शिरांसकट. फवारणी एकदाच केली. डाळिंबानं सांडलवंडीचा राग म्हणून पाच-सहा पानं टाकली, पण शेंडा जिवंत आहे. आलेल्या दोन कळ्या मी खुडल्या. अक्कांच्या रोपावर पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या, लिंबावरच्या फुलपाखराच्या. अक्का त्या रोज सकाळी वेचतात आणि मला आकडा सांगतात. काल नऊ.

फोडलेल्या गोळ्याचा मोठा अर्धा मी कठड्यावर ठेवलाय. तीन पाऊस झाले, कडा तेवढ्या झिजल्यात.