पानशेतच्या पाण्यावर जिब: जाणाऱ्यांसाठी काही सूचना

पुण्यातील गिर्यारोहण साहित्याच्या एका दुकानात "याहून मजबूत दोर मिळणार नाही" असे सांगून जो डायनॅमिक दोर जिबच्या (होडीच्या पुढच्या लहान शिडाच्या) शीटसाठी, म्हणजे ते शीड ओढून धरणाऱ्या दोरासाठी, आमच्या गळ्यात मारण्यात आला, तो मजबूत होता याबद्दल वाद नाही. मात्र पडणाऱ्या माणसाला बसणारा झटका शोषून घेण्यासाठी मुद्दाम ताणला जाईल असा विणलेला तो नायलॉनचा दोर होडीवर सर्वथा निरुपयोगी आहे. शीटसाठी ८ मिलिमीटरचा, न ताणला जाणारा पॉलिएस्टरचा विणीव दोर घ्यावा. तो स्वस्तही पडतो.

धायरी, खडकवासला, डोणजे, खानापूर हा रस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. रविवारी चौपाटीची गर्दी जमण्याआधी ट्रेलर पुढे न्यावा, एवढे पुरे. होडी पाण्यात उतरवण्याची परवानगी आधीच मिळवावी.

खरी परीक्षा जलाशय अरुंद होतो तेथे आहे. धरण पूर्वेला आणि पाणी पश्चिमेकडे पसरलेले असल्यामुळे मे महिन्यात दुपारनंतर घाटावरून येणारा पश्चिमेचा वारा दरीतून थेट समोर येतो, डोंगराच्या सोंडेपाशी दिशा बदलतो आणि झोतांनी आदळतो. एंटरप्राइझ जातीच्या ४.०४ मीटरच्या शिडाच्या होडीवर अशा झोतात जिब सपाट राहायला हवे. आमचा दोर नेमका त्याच क्षणी ताणला जाई, शीड फुगे, होडी कलंडे आणि वाऱ्याकडे नाक धरेनाशी होई. तासभर टॅक करून, म्हणजे वाऱ्याविरुद्ध नागमोडी जात राहूनही, किनाऱ्यावरचे तेच झाड समोर पाहण्याइतके वैतागवाणे दुसरे काही नसावे.

दोर बदलल्यानंतरही शीटचा ब्लॉक (दोर ज्यातून जातो ती कप्पी) एकाच जागी ठोकलेला असेल, तर निम्मेच काम होते. तो रुळावर मागे-पुढे सरकला पाहिजे. आरंभी शीटची रेषा पुढे वाढवली असता शिडाच्या पुढच्या कडेच्या साधारण मध्याला मिळेल, अशा जागी तो ठेवावा. त्या कडेजवळ वर आणि खाली लोकरीचे धागे लावून होडी हळूहळू वाऱ्याकडे वळवावी: वाऱ्याच्या बाजूचा वरचा धागा आधी फडफडला तर ब्लॉक पुढे घ्यावा, खालचा आधी फडफडला तर मागे. सोंडेपाशी पोहोचण्यापूर्वीच ब्लॉक रुळावरची एक-दोन भोके मागे न्यावा. शिडाचा तळ सपाट होतो, वरचा भाग उघडून झोत सोडून देतो आणि होडी ताठ राहते. हा बदल केल्यावर तोच टापू आम्ही इतक्या सहज पार केला, की महागडा रॅचेट ब्लॉक (एकाच दिशेने फिरून दोराचा ताण धरणारी कप्पी) विकत घेण्याचा सल्ला देणाऱ्यांचे यापुढे ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत झाले.

परतीला वारा पाठीशी असतो; त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असते, त्यामुळे काठाच्या चिखलापाशी ट्रेलर ओढणारा थांबतो आणि पुढच्या उतारासाठी वेगळे पैसे मागतो. भाडे ठरवताना "पाण्यापर्यंत" हे शब्द पुण्यातच त्याच्याकडून वदवून घ्यावेत.