कोपरावरचं रफू

आज दिवसभर त्या कोपरातच अडकलेय.

छोटीच्या नाटकासाठी आणलेला जुना कोट काल रात्री रंगवून वाळत टाकला तेव्हा अंधार होता, सकाळी बघते तर डाव्या बाहीच्या कोपरावर फिकट तपकिरी टाके, मुंगीएवढे, उभे-आडवे, जाळी विणल्यासारखे. आधी धस्स झालं, वाटलं रंग नीट बसला नाही. जवळ नेऊन बघितलं तर रफू होतं. कोणीतरी हातानं केलेलं. हा कोट मी आणला, धुतला, अस्तर उसवलं, चार वेळा तरी हातातून गेला असेल आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं, इतका तंतोतंत जुळणारा दोरा शोधून कोणीतरी ते केलं होतं.

आणि मी एका रात्रीत ते उघडं पाडलं.

कारण साधंच आहे, कोटाचं कॉर्डरॉय सुती, त्यामुळे मीठ आणि धुण्याचा सोडा घालून तासभर ढवळत बसलं की रंग पितो. दोरा पॉलिस्टरचा, तो या रंगाचा एक थेंब घेत नाही. हे मला माहीत होतं! मशीनच्या टिपा फिकट राहणार हे धरूनच चालले होते, उलट दीपगृहाच्या राखणदाराच्या कोटाला त्या शोभतील असं वाटत होतं. कोपराचं मात्र डोक्यातच आलं नाही, कारण तिथं काही आहे हेच माहीत नव्हतं.

छोटीनं ट्रायलला बाही घातली आणि पहिलं तेच विचारलं, "मावशी, हे टाके कोणी घातले?" मी म्हटलं, आधी ज्यांचा होता त्यांनी. "म्हणजे कोणी?" आता काय सांगू. ती लगेच खिशात हात घालून आरशासमोर गेली, विसरलीसुद्धा, मी मात्र तिथंच.

ताईचा फोन आला, भाड्यानं आणायला काय झालं होतं म्हणाली. जाऊ दे.

पण खरं सांगायचं तर दुपारी खूप रडू आलं. तीन आठवडे झाले, खांद्यावरच्या पट्ट्या एका जुन्या पँटच्या कमरपट्टीच्या केल्या, ताठ राहाव्यात म्हणून आत बकरम घातलं, ब्लेझरची पितळी बटणं काढून लावली, टोपीला फाटक्या छत्रीचं कापड. एकानंही विचारलं नाही की रात्री किती वाजता झोपतेस. विचारतात ते एवढंच, "कोणाला दिसणारे एवढं, स्टेजवर?" त्यात कॉलर चुकली. लांबी कमी करताना उरलेल्या पट्टीतून ती कापली आणि लव उलटी गेली, आता कॉलर कोटापेक्षा वेगळ्याच छटेची दिसते, उजेडात तर फारच. कॉर्डरॉयवर वरून खाली हात फिरवून लव कुठं वळते ते बघून मग कापायचं, हे मी दुसऱ्यांना शिकवते.

संध्याकाळी छोटीला थॉमस प्लॅटरचं सांगितलं. हा स्विस प्रवासी १५९९ मध्ये लंडनला नाटकं बघून आला, त्यानं लिहून ठेवलंय की तिथले उमराव मरताना आपले भारी कपडे नोकरांना देऊन जातात, नोकरांना ते घालणं शोभत नाही म्हणून ते नटांना स्वस्तात विकतात. म्हणजे राजाचं काम करणाऱ्याच्या अंगात खरोखरच्या मेलेल्या उमरावाचा झगा. तिला फार आवडलं. मला सांगता सांगता वाटत होतं, त्यातल्याही एखाद्या बाहीला आतून कोणीतरी टाके घातले असतील, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून किती जपलं असेल.

तेच टोचतंय ना मला. "कोणाला दिसणारे" हे मला ऐकवलं जातं तेव्हा राग येतो, आणि त्या माणसानं तर दिसूच नये म्हणूनच सगळं केलं होतं. दिसलं नाही हेच त्याचं काम. कदाचित हा एकच कोट असेल. कदाचित दुसऱ्या दिवशी तो घालून कुठं जायचं असेल.

आधी वाटलं वरून ठिगळ लावावं, चामड्याचं, राखणदाराला चाललंही असतं. कापून सुईनं टाचलंसुद्धा. पण मग ते कायमचं खाली दबणार. काढून टाकलं.

आता कापडावर लिहायचं बारीक पेन घेऊन बसलेय आणि एकेक टाका रंगवतेय. धुतल्यावर उतरेलही, पॉलिस्टरवर ही शाई नीट धरत नाही, तेव्हा पुन्हा रंगवीन. कॉलर तशीच ठेवणारे, ती चूक माझी आहे, दिसली तर दिसली. दिव्याखाली बाही उलटी करून मोजले, एकशे बारा टाके आहेत. नव्वद झालेत, आणि जिथं झालेत तिथं आता बोट फिरवूनच कळतंय.