मुंज्याची जात कळते, मास्तरांचं नाव नाही

ग्रंथालयातल्या जुन्या कार्डांवरच्या नोंदी संगणकावर चढवणं हे माझं काम. कर्ता, शीर्षक, साल, विषय, की पुढचं पुस्तक. परवा मात्र कोकणातल्या लोकसमजुतींचा 1915 सालचा इंग्रजी खंड हाती आला आणि दिवस त्यातच गेला.

कार्डावर एकच नाव होतं, आर. ई. एन्थोवेन. पण ते संपादक. मजकूर जमवला होता ए. एम. टी. जॅक्सन यांनी. नाशिकचे कलेक्टर, संस्कृतचे व्यासंगी, 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांनी मेलेले तेच जॅक्सन. त्यांनी शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरं मागवली होती. ती एन्थोवेननी त्यांच्या पश्चात छापली.

जॅक्सनना 700 या, कर्त्याखेरीजच्या इतर नावांसाठी असलेल्या रकान्यात घातलं. मग तळटीपा पाहिल्या. ‘स्कूल मास्तर, चौक, कुलाबा’, म्हणजे आताचा रायगड जिल्हा. ‘स्कूल मास्तर, मुरबाड, ठाणे’. पानोपानी हेच. रावसाहेब शेळके मात्र नावानिशी येतात. याच मालिकेतल्या गुजरातच्या खंडात कितीतरी मास्तरांची नावं छापली आहेत, मग कोकणानं काय घोडं मारलं होतं?

मजकूर तर असा की सोडवत नाही. प्रकरणांची मांडणी विल्यम क्रूक यांच्या उत्तर भारतावरच्या 1896 च्या ग्रंथासारखी: रोगांच्या देवता, अतृप्त मृतात्मे, दृष्ट, वृक्षपूजा, सर्पपूजा. त्या परक्या चौकटीत मास्तरांनी आपला गाव बसवला. पाण्यातला गिऱ्हा, देवचार, हडळ, जखीण, झोटिंग. मुंजा कोण, तर मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला ब्राह्मणाचा मुलगा, वस्ती पिंपळावर. भुताची जात, वय, मुक्काम, सगळं नोंदवलेलं. नोंदवणाऱ्याचं गाव तेवढं उरलं.

मी ही गावं नोंदीत घ्यायचं ठरवलं. वरिष्ठ म्हणाले, ‘मॅडम, संपादक दिलाय ना, पुरे.’ मला ते पटत नाही. या खंडाचा आधार घेणारे अभ्यासक ‘एन्थोवेन म्हणतात’ असं लिहून मोकळे होतात. एन्थोवेन चौकच्या पारावर बसून ऐकत नव्हते. ऐकलं मास्तरांनी, शाळा सुटल्यावर लिहून काढलं त्यांनी. आमच्या रकान्यांत मात्र नाव नसलेल्या माणसाला जागाच नाही. शेवटी 500 या, सर्वसाधारण टिपांच्या रकान्यात लिहिलं, ‘माहिती देणारे: कोकणातील शाळामास्तर’, आणि पुढे तळटीपांतली गावं एकेक करून टाकली. शोध घेणाऱ्याला निदान मुरबाड टाकून हा खंड सापडेल.

आता एकच वाट दिसते. शंभरी ओलांडलेल्या मराठी शाळांत जुनी शेरेबुकं, हजेरीपट असतात. 1909 च्या आधीच्या वर्षांत तिथे मास्तर कोण होते, हे त्यांत निघू शकतं. चौकच्या शाळेला पत्र टाकलं आहे. तुमच्या गावच्या शाळेत असं काही कपाटात पडून असेल, तर कृपा करून रद्दीत जाऊ देऊ नका. मला कळवा.